अक्काचा तेप्पा

दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर आमच्या गावात कुणी फारसं बोलत नाही. कार्तिकी पुनवेला ती आली नाही तर मात्र तिच्या आईला दहा जणी विचारतात. त्या दिवशी दिवेलागणीला बायका तळ्यावर जातात आणि घरात जितक्या लेकी, तितके तेप्पे पाण्यात सोडतात. तेप्पा म्हणजे केळीच्या सोपटाची वीतभर लांब होडी. शब्द कानडी आहे. आमचं गाव मुरुमच्या पुढं, शिवेला लागून, त्यामुळं घरात निम्मी बोली तिकडचीच. आईला आम्ही अव्वा म्हणतो आणि थोरल्या बहिणीला अक्का.

आम्ही दोघी बहिणी, मधला एक भाऊ. म्हणून आमच्या घरचे तेप्पे दोन.

ते करायची अक्का. घड उतरवलेली केळ तशीही पाडायचीच असते. तिचा खांब सकाळी मळ्यातून ओढून आणायचा, एकेक सोपट सोलायचं, दोन्ही टोकं आत दुमडून बाभळीच्या काट्यानं टाचायची. मधोमध तळ्यातल्या मातीचा गोळा, त्यात मेणबत्ती रोवलेली. अव्वाच्या लहानपणी कणकेचे दिवे असत. वाऱ्यानं ते लगेच जायचे, तेल सांडायचं, म्हणून मेणबत्त्या आल्या. मेणबत्तीला उगवतीच्या बाजूनं पळसाचं पान उभं करायचं, कारण कार्तिकात वारं तिकडून येतं. एवढं सगळं करायला अक्काला अर्धा दिवस लागायचा. मी मध्ये लुडबूड करायचे, काटा बोटात घुसवून घ्यायचे आणि रडायचे. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. रागवायची नाही. काटा काढायची, बोट तोंडात धरायला सांगायची आणि पुन्हा कामाला लागायची.

तेप्पा एकदा पाण्यावर ठेवला की त्याला हात लावायचा नाही, हातानं पाणीसुद्धा ढकलायचं नाही. तो आपल्या वाऱ्यानं सांडव्याकडं जातो. तिथवर वात टिकली तर ती लेक वर्षभर सुखात राहते असं म्हणतात. निम्मे तेप्पे मध्येच विझतात. त्यांच्या लेकीही राहतातच सुखात, निदान तेव्हा आम्हाला तसं वाटायचं.

अक्काला आळंदच्या पलीकडं एका खेड्यात दिलं. मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन उमरग्याला राहू लागले. पण पुनवेला दोघी येत राहिलो. ती दोन गाड्या बदलून यायची, पिशवीत शेंगाची चटणी नाहीतर गुळाच्या पोळ्या घेऊन, आणि आल्या आल्या विचारायची, "केळ पाडली का न्हाय?"

दोन वर्षांमागच्या पुनवेला तिनं तळ्याच्या पायरीवर वाकून पाय पाण्यात घातला, तेव्हा मला तिची जोडवी दिसली. बोटांत रुतून बसली होती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. घोट्याजवळ मी बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला.

"अक्का, हे काय गं?"

"गाडीत पाय लोंबकळून सुजल्यात. जातंय."

"दवाखान्यात दाखीवलंस?"

"गुडघं दुखत्यात म्हून गोळ्या चालू हायती की. दोन वर्षं झालं."

त्या गोळ्या गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या, दुखलं की घ्यायच्या. ती रोज घेत होती. सोयाबीन काढायच्या दिवसांत दोन-दोन. मी तिला म्हटलं की उमरग्याला चल, तपासू. ती म्हणाली, आधी तूर निघू दे. तूर निघाली आणि मार्गशीर्षाच्या शेवटी दाजींचा फोन आला की तुझ्या अक्काला धाप लागली आहे, सोलापूरला नेतोय.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी कागदावर दोन घेवड्याच्या बियांसारखी चित्रं काढून समजावलं. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायचं, ते जन्मभर. नाहीतर कुणीतरी आपलं एक मूत्रपिंड द्यायचं.

सासरहून सोलापूर लांब पडायचं, म्हणून अक्का माहेरी येऊन राहिली. भाऊ तिला नेऊन आणायचा. शनिवारी मी जायचे. यंत्रासाठी तिच्या डाव्या मनगटावर दोन शिरा जोडल्या होत्या. तिथं कान लावला की आत घूं घूं आवाज यायचा, मांजर गुरगुरल्यासारखा. ती सगळ्यांना कान लावायला सांगायची. पाणी मात्र दिवसाला दोन पेले, चहा-आमटी धरून. तहान हीच तिची खरी शिक्षा होती. अव्वा अंगणात भांडी घासायला लागली की अक्का उठून आत जायची. पाण्याचा आवाज तिला ऐकवायचा नाही.

द्यायचं कुणी हा प्रश्न आला. अव्वाचं वय झालेलं. भावाला साखरेचा आजार. दाजींचा रक्तगट जुळेना. अक्काची लेक अजून लहान, आणि अक्कानं तिचं नावसुद्धा काढू दिलं नाही. राहिले मी. माझा गट तोच होता.

मी म्हटलं, मी देते.

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. मनापासूनच म्हटलं होतं. इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण पुढं मीच मनातल्या मनात ती बदलून बघितली आहे. मला कुणी अडवलं नाही. आमचे हे म्हणाले, "तुझी बहीण आहे. मी सही करतो." त्यांनी केली. सासूबाई नाही म्हणतील अशी मला खात्री होती, एका कोपऱ्यात आशासुद्धा होती. त्या ज्वारी निवडत होत्या. मी सांगितलं, तेव्हा सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माज्या बहिणीला पायजे असतं तर म्या दिलं असतं. देऊन टाक. पोरीचं म्या बगते."

पोरगी म्हणजे माझी लेक. ती तेव्हा दहावीला होती.

तपासण्या महिनाभर चालल्या. रक्त, लघवी, फोटो, पुन्हा रक्त. दर वेळी एक कागद जमायचा. दवाखान्याच्या त्या मजल्यावर बाकावर एक माणूस भेटायचा. त्यानं आपल्या भावाला दिलं होतं. सदरा वर करून त्यानं मला व्रण दाखवला, बगलेखालून पोटापर्यंत आलेला. म्हणाला, "काय होत नाय ताई, म्या आता पोतं उचलतो." तो चांगल्या मनानं सांगत होता. मी घरी येऊन न्हाणीत उभी राहिले आणि आपल्या अंगावर त्या जागी हात फिरवत राहिले. मला तिथून कापून उघडणार, हे तोपर्यंत माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी ते अंगात शिरलं.

फाल्गुनात शेवटची भेट होती. नियमाप्रमाणं डॉक्टर देणाऱ्या माणसाशी एकट्याशी बोलतात. माझ्यासमोर एक पोक्त डॉक्टर बसले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, सगळं जुळतंय. तुमची तब्येत उत्तम आहे. आता मी एकच विचारतो. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"तुम्हाला मनापासून द्यायचंय?"

मी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडं बघत राहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नसेल द्यायचं तर त्यात लाज नाही. अशा वेळी आम्ही बाहेर एवढंच सांगतो की जुळत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जात नाही. तुमच्या घरच्यांनाही कधी कळणार नाही."

मी आयुष्यात वर्गातल्या पोरांना शेकडो वेळा सांगितलं असेल की खरं बोला. त्या खोलीत मला जे वाटलं ते फक्त एकच होतं, की कुणीतरी छातीवरचा दगड उचलला. विचार करायला मी दिवससुद्धा मागून घेतला नाही.

"तसं सांगा," मी म्हणाले.

"नक्की?"

"व्हय."

त्यांनी लिहिलं आणि मला पाणी दिलं. मी अख्खा पेला प्यायले.

बाहेर भाऊ आणि अक्का बाकावर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून सांगितलं. भाऊ खाली बघत बाहेर आला. मी रडत होते, आणि ते रडू खरं होतं. अक्का माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पदरानं माझं तोंड पुसलं.

"आगं, तुजं काय चुकलं त्यात? न्हाय जुळलं तर न्हाय जुळलं. तू आलीस, एवढ्या सुया टोचून घेतल्यास. बास झालं."

येताना गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि सारा रस्ता माझा हात आपल्या हातात धरून होती.

घरी हे म्हणाले, "आपल्या हातात होतं तेवढं केलं." सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला होता तो तसाच उचलून ठेवला. अव्वानं मला जवळ घेतलं. त्या दिवसापासून माहेरी माझा मान वाढला. मी आले की अव्वा आधी मला जेवायला वाढायची.

अक्काचं नाव मेलेल्या माणसाचं मूत्रपिंड मिळावं म्हणून यादीत घातलं. यादीतून कधी बोलावणं आलं नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. मृगात दोन सरी पडल्या, मग आभाळ कोरडं. श्रावणात तळ्याचा तळ दिसायला लागला, दसऱ्याला त्यात पोरं क्रिकेट खेळू लागली. गावात टँकर सुरू झाले. पुनव आली, तेव्हा बायकांनी ठरवलं की तेप्पे वेशीतल्या हाळात सोडायचे. हाळ म्हणजे जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा लांबट हौद. त्यात टँकरचं पाणी होतं.

केळ कुणाच्याच मळ्यात राहिली नव्हती. भावानं मुरुमच्या बाजारातून एक खांब आणला. अक्कानं दोन तेप्पे केले. काटे टाचताना दोनदा सोपट फाटलं. मी पुढं झाले तर म्हणाली, "न्हाय, मीच करते." तिचा चेहरा तोवर मातकट काळा पडला होता आणि गळ्याची हाडं वर आली होती.

हाळात सगळ्या गावाचे तेप्पे दाटीवाटीनं उभे राहिले. जायला जागा नव्हती, वारं भिंतीआड लागत नव्हतं. एकाची मेणबत्ती दुसऱ्याच्या पळसपानाला लागली, दोन-तीन पेटले, बायका हसल्या, एकीनं पदरानं विझवले. थोड्या वेळानं एक म्हातारा आपली म्हैस घेऊन आला आणि लांब उभा राहिला, आमचं कधी आवरतं याची वाट बघत.

अक्का म्हणाली, "चल, तळ्यावर जाऊन येऊ."

आम्ही दोघीच गेलो. अजून पुरता अंधार पडला नव्हता. चंद्र वर आलेला. तळ्याच्या पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि शेवटी भेगाळलेल्या मातीत संपत होत्या. इतक्या पायऱ्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. अक्का चौथ्या पायरीवर बसली. धाप लागली होती. मी तिच्या अंगावर शाल टाकली.

आठ महिने मी ते पोटात ठेवलं होतं. शाळेत फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना, दर शनिवारी तिच्या यंत्राशेजारी बसताना. त्या संध्याकाळी का बोलले ते मला नीट सांगता येत नाही. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू लई केलंस गं माज्यासाठी," आणि मला ते सोसलं नाही.

"अक्का, जुळत होतं."

ती कोरड्या तळ्याकडं बघत होती.

"सगळं जुळत होतं. मला भीती वाटली. मीच डॉक्टरांना म्हणाले, न्हाय जुळत म्हून सांगा."

मला वाटलं ती ओरडेल, मारेल, रडेल. ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"आदल्या यंत्राच्या दिवशीच नर्सबाईनं सांगितलं हुतं. ताई, बहिणीचं सगळं जुळलंय, पेढे आणा म्हणाली. मग डॉक्टर म्हणालं न्हाय जुळत. म्या काय येडी हाय व्हय?"

म्हणजे त्या दिवशी बाकाजवळ तिनं माझं तोंड पुसलं, तेव्हा तिला माहीत होतं. गाडीत सारा रस्ता माझा हात धरला होता, तेव्हा माहीत होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं बोटाला गुंडाळलेलं टोक सोडलं. मग म्हणाली, "तू खोटं बोलत हुतीस तवर मला वाटायचं, एखाद्या दिशी तुजं मन फिरल. शनवारी तू यायचीस, म्या तुज्या तोंडाकडं बगायची. आज म्हणती का, आज म्हणती का. आता तू खरं बोललीस. आता कशाची वाट बगू?"

मी तिचे पाय धरले. सूज आलेले, गार पाय. "मी देते अक्का. आता देते. उद्या जाऊ."

"बगू," ती म्हणाली. "चल, गार पडायलंय."

मी खरंच गेले. दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकून तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. पुन्हा तपासण्या लावल्या. माझ्या सगळ्या चांगल्या आल्या. अक्काच्या छातीचा फोटो आणि हृदयाची सोनोग्राफी मात्र त्यांनी दोनदा पाहिली. हृदय मोठं झालं होतं, नीट आवळत नव्हतं. ते म्हणाले की आता ती टेबलावर टिकणार नाही, असं ऑपरेशन कुणीच करणार नाही.

"फाल्गुनात केलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "ताई, हे विचारू नका."

अक्काला मी बाहेर येऊन सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं. तेवढंच. एस.टी. स्टँडवर आलो तेव्हा ऊन कडक होतं, थंडीच्या दिवसांतही डोळ्यांवर येणारं. रसवंतीचा घुंगरू वाजत होता. अक्का थांबली.

"मला रस पायजे."

"अक्का, पाणी वर्ज्य आहे."

"आता कशाला वर्ज्य?"

मी दोन पेले घेतले. तिनं तिचा संपवला आणि माझा मागितला, तोही संपवला. इतक्या घाईनं प्यायली की रस हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. मग तिनं डोळे मिटले. वर्षभरात तिच्या चेहऱ्यावर तेवढं समाधान मी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि तीन दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली नाही. तसं वागली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती पूर्वीसारखीच बोलायची, माझ्या लेकीच्या अभ्यासाचं विचारायची, माझ्या हातची भाकरी मागायची. फक्त शनिवारी मी आत आले की आधी तिची नजर माझ्या तोंडावर थांबायची, तशी आता थांबत नव्हती. ती छताकडं बघायची, नाहीतर नळीतून फिरणाऱ्या आपल्याच रक्ताकडं.

चैत्रात एका सकाळी अव्वा चुलीपाशी होती. अक्का सोप्यात बाजेवर उठून बसली, म्हणाली, "अव्वा, मला टेकवून बसव." अव्वा हात धुऊन येईपर्यंत ती बाजूला कलली होती. मी शाळेत होते. तिसरीच्या वर्गाला पाढे चालू होते. भावाचा फोन आला आणि त्यानं काही सांगायच्या आधी मला कळलं. पोरं पाढा म्हणत राहिली. त्यांना थांबवायला मला सुचलं नाही.

आमच्यात माती देतात, माणसाला बसवून. दाजींनी तिला त्यांच्या शेतात नेलं. खड्ड्यात बसवताना तिचं डोकं पुढं पडत होतं, म्हणून एकानं हनुवटीखाली हात धरला. सगळ्यांनी बेलाची पानं टाकली. तिची लेक एका बाजूला उभी होती, तोंड घट्ट मिटून. ती अक्कासारखी दिसते. मी तिच्याजवळ गेले तर तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मावशी, तू किती धावपळ केलीस," असं म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

मग दाजींनी सोबत येऊन मला वेशीपर्यंत सोडलं. त्यांना काही माहीत होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांनी अक्काच्या सामानातला डबा माझ्या हातात दिला, ती सोलापूरला न्यायची तो. त्यात तिच्या गोळ्या तशाच होत्या, दिवसांप्रमाणं कागदात बांधलेल्या, पुढच्या आठवड्यापर्यंत.

यंदा पाऊस असा लागला की थांबेना. भादव्यात ओढे फुटले, शेतातली माती वाहून गेली, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. तळं भरलं, सांडव्यावरून रात्रंदिवस पाणी पडत राहिलं. ज्यांची पिकं गेली त्या घरच्या बायकासुद्धा म्हणाल्या की पुनव करायची, निदान पाणी तरी आहे.

मी जाणार नव्हते. अव्वानंच निरोप धाडला. मी गेले तेव्हा ती ओसरीवर बसून सोपटं टाचत होती. तिला आता हातातला काटाही दिसत नाही, ती चाचपून टाचते. दोन तेप्पे केले होते.

"दोन कशाला अव्वा?"

"घरात लेकी किती?"

"एकच राहिली की."

"मेली म्हून लेक जाती व्हय?"

दिवेलागणीला आम्ही तळ्यावर गेलो. पाणी वरून दुसऱ्या पायरीपर्यंत होतं, मातकट, थंड. बायकांची गर्दी होती. सासरहून आलेल्या लेकी नव्या लुगड्यांत, कुणाच्या कडेवर पोर. माझ्या शेजारी परगावची एक नवी सून उभी होती. तिनं अव्वाला विचारलं, "आज्जी, तुमचे दोन का? ताई तर एकट्याच दिसतात."

अव्वानं तिला सगळं सांगितलं. थोरलीचा आजार, सोलापूर, यंत्र. आणि मग माझ्या दंडावर हात ठेवून, जरा मोठ्यानं, चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही धाकटी. हिनं आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी केली हुती. नवऱ्याला, सासूला, कुणाला न भिता. पर न्हाय जुळलं. देवाच्या मनात नव्हतं."

आजूबाजूच्या बायका माझ्याकडं वळल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. ती नवी सून वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मी तिला अडवलंसुद्धा नाही.

मला वाटलं, आता सांगावं. अव्वाचं तोंड वर केलेलं होतं, मेणबत्त्यांच्या उजेडात, एवढ्या दुःखात तिला अभिमान वाटावा असं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. ते घेऊन मी तिला काय देणार होते? मी असं म्हणते, पण हेही तितकं खरं नाही. अव्वाची काळजी किती आणि भीती किती, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही, आताही येत नाही.

"पेटीव," अव्वा म्हणाली. "आधी तिचा."

मी काडी ओढली. वाऱ्यानं दोन काड्या गेल्या, तिसरी लागली. अक्काचा तेप्पा पाण्यावर ठेवला. अव्वाच्या हातून काटा नीट बसला नव्हता, एक बाजू उघडत होती, पण तो तरंगला आणि बाकीच्यांत मिसळून गेला. थोड्याच वेळात त्यातला तिचा कुठला ते मला ओळखता येईना. मग मी माझा पेटवला आणि सोडला.

"कुठवर गेला गं?" अव्वानं विचारलं.

"चाललाय," मी म्हणाले.

"वात हाय का?"

"हाय."

बायका एकेक करून वर जाऊ लागल्या. अव्वाला पायऱ्या चढवत नाहीत. मी तिच्या काखेत हात घातला, ती माझ्यावर भार टाकून एक पायरी चढली, थांबली, मग दुसरी. वर आल्यावर तिनं विचारलं की उद्याचा दिवस राहशील का. मी म्हणाले, शाळा आहे, सकाळच्या गाडीनं जाते.